अबू शिब्लीने पेला उचलला नाही

सल्त, ऑलिव्हची तोडणी संपून महिना झाल्यानंतरचा सोमवार

उम्म यझन, म्हणजे यझनची आई आणि माझी थोरली, एकुलती एक रुवैदाताई, हिला धाकट्या भावाचा सलाम.

अल्लाह तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना सुखरूप ठेवो. (गुडघ्यांचं नाव वेगळं घेतलं, कारण त्यांची खबर मला परस्पर कळत असते. इर्बिदहून कोणीही सल्तला आलं की मी आधी तुझ्या गुडघ्यांबद्दल विचारतो आणि मग त्या माणसाला बस म्हणतो. परवा एका पाहुण्याने डावा बरा असल्याचं सांगितलं, पण तो तुला फक्त भाजीच्या दुकानात पाठमोरा पाहून आला होता, त्यामुळे मी ते अर्धंच खरं धरलं आहे.) आमच्याकडे सगळं क्षेम. फातिनचा रक्तदाब माझ्या तोंडावर अवलंबून असतो, तो सध्या उतरलेला आहे. का ते पुढे येईलच. तू सहा वर्षांत माझा फोन उचलला नाहीस, म्हणून हा कागद. कागद उचलायला तुझी हरकत नसावी, त्यातून माझा आवाज येत नाही.

आधीच स्पष्ट करतो की हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. मागण्या कशा घालायच्या हे मला कोणी शिकवायला नको. बेचाळीस जाहांच्या पुढे चाललेला माणूस आहे मी. तीस लग्नं, नऊ भांडणं, तीन गाड्यांचे अपघात. चाळीस-पन्नास वडीलधारी माणसं घेऊन परक्याच्या दारात जायचं, यजमानाने समोर ठेवलेल्या कॉफीच्या पेल्याला हात लावायचा नाही, आपलं मागणं मांडायचं, आणि घरधनी ‘घ्या, कॉफी घ्या, तुमचं काम झालं’ असं म्हणेपर्यंत वाट बघायची, हे मी करायचो तसं अख्ख्या बल्का जिल्ह्यात कोणी करत नसे. बेचाळीसपैकी एक्केचाळीस वेळा कॉफी गरम असताना प्यायलो. बेचाळिसावी जाहा कोणाची होती, ते तुला मी काय सांगणार.

तरी सांगतो, कारण सहा वर्षं मी ती गोष्ट वेगळीच सांगत आलो. मी सांगायचो की अजलूनचा तो मुलीचा बाप आडमुठा निघाला. ताई, तो आडमुठा नव्हता. लग्न आतून ठरलेलं होतं, बायकांनी कपडेसुद्धा निवडले होते, जाहा म्हणजे नुसता उपचार. अशा ठिकाणी लग्न मोडायला अंगात काहीतरी विशेष असावं लागतं, आणि ते माझ्या अंगात होतं. त्या भल्या माणसाने मला अदबीने विचारलं, आपला भाचा काय करतो? यझन संगणकावर गोष्टी रचतो, खेळ बनवतो, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण समोर पन्नास माणसं बसलेली, आणि मला पन्नास माणसं दिसली की काय होतं ते तू लहानपणापासून बघतेस. मी म्हणालो, मुलगा हुशार आहे, स्थापत्याची बरी नोकरी सोडून सध्या मोठ्या माणसांसाठी खेळणी बनवतो, लग्न झालं की सुधारेल. एकोणपन्नास माणसं हसली. मुलीचा बाप हसला नाही. त्याने पाहुण्यांची क्षमा मागितली आणि विचार करायला मुदत मागितली, आणि मुदत मागणं म्हणजे काय ते तिथल्या पेल्यांनाही कळलं. यझन दाराजवळ बसला होता. त्याने मान खाली घातली ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही. आणि गाडीच्या दाराशी तू मला म्हणालीस, ‘हिकमत, तुझा पाय माझ्या उंबऱ्याला लागता कामा नये.’ आणि मी (कसा माणूस बघ) परतीच्या वाटेवर माझाच विनोद तीन जणांना पुन्हा सांगितला.

असो. आता पायाचं सांगतो. तोडणीच्या दुसऱ्या दिवशी मी शिडीवर उभा राहून खालच्या मंडळींना शिडीवर कसं उभं राहू नये ते समजावून सांगत होतो. प्रात्यक्षिक अपेक्षेपेक्षा चांगलं झालं. घोट्याला प्लास्टर, पाय उशीवर, आणि मी घरात. तू फातिनची कल्पना कर. चौथ्या दिवशी तिने सूनबाईच्या हातापाया पडून सांगितलं म्हणे, यांना कशात तरी गुंतव, नाहीतर दुसरा पाय मी मोडते. सूनबाई म्हणजे आमच्या गालेबची डीमा, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तू तिला फक्त साखरपुड्यात पाहिलं आहेस. दुपारी अडीचला ती शाळेतून येते, जेवते, आणि टीव्हीला एक डबा जोडून खेळत बसते. तिने दोन मुठींचा तो कंट्रोलर सासऱ्याच्या, म्हणजे माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘अम्मो, तुम्ही खेळा. यात गोष्ट आहे. गोळीबार नाही. टँकर चालवायचाय.’ मी म्हणालो, मी सदतीस वर्षं भूगोल शिकवला, मी खेळणी खेळत नाही. ती म्हणाली, बरं, मग मी चालवते आणि तुम्ही चुका काढा. पाच मिनिटांत कंट्रोलर माझ्या हातात होता, कारण ती वळणावर फारच वाईट गाडी घेत होती.

खेळाचं नाव ‘कोरडं वर्ष’. तो कोणी बनवला हे तुला ठाऊक आहेच. मला नव्हतं. घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा. अम्मानमध्ये फलाफलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून तुझ्या मुलाने आणि त्याच्या तीन मित्रांनी पाच वर्षं तो रचला, आणि परदेशातली माणसं त्यावर लेखच्या लेख लिहीत आहेत, हे मला डीमाने नंतर सांगितलं. मी आपला दुष्काळात पाण्याचा टँकर घेऊन अकरा गावांतून निघालो. टँकर चालवणारा अबू शिब्ली. पोट पुढे, मिशी वर, पायघोळ अंगरख्यावर तपकिरी कोट, हातात जपमाळ, जी जपण्यापेक्षा बोलताना फिरवण्यासाठीच जास्त. प्रत्येक गावात माणसं काहीतरी विचारतात आणि पडद्यावर चार-पाच गोष्टी उमटतात, की आता अबू शिब्लीने काय करावं: ऐकून घे, तोटी बघ, मदत कर, माफी माग, भाषण कर. आपण एक निवडायची. मी काय निवडलं असेल ते तुला लिहायला नको.

तिसऱ्या गावात बायका डबे घेऊन उन्हात उभ्या होत्या, आणि मी त्यांना पाण्याच्या काटकसरीवर असं काही भाषण दिलं (म्हणजे अबू शिब्लीने) की मला स्वतःला भरून आलं. भाषण संपलं तेव्हा मागची तोटी उघडी राहून अर्धा टँकर रस्त्यावर वाहून गेला होता. चौथ्या गावात मी आधी गावच्या प्रमुखाला पाणी दिलं, कारण तो मला बघून उठून उभा राहिला, आणि शेळ्या घेऊन आलेल्या एका विधवेला रांगेच्या शेवटी उभं केलं. तिची पाळी येईपर्यंत पाणी संपलं. सातव्या गावापाशी टँकर वाळूत रुतला. तीच बाई गाढवावरून आली, शेळ्या दिसत नव्हत्या, तिने माझ्याकडे पाहिलं आणि न थांबता निघून गेली. मी भडकलो. म्हणालो, काय माणसं आहेत, माणुसकी राहिली नाही. डीमा वह्या तपासत होती, तिने मान वर न करता म्हटलं, ‘अम्मो, तिला शेवटी तुम्ही उभं केलंत.’ मी म्हणालो, मी नाही, अबू शिब्लीने. ‘बटण कोणी दाबलं?’ आतून फातिनचा आवाज आला, ‘विचार, विचार त्यांना. चाळीस वर्षं मी विचारतेय.’

आणि ताई, इथे मला त्या खेळाचं पहिलं खरं कौतुक वाटलं. तो शिक्षा करत नाही. लाल अक्षरं नाहीत, भोंगा नाही, ‘तू वाईट माणूस आहेस’ असं कोणी सांगत नाही. तो फक्त लक्षात ठेवतो, अगदी तुझ्यासारखा. आणि त्यात एक अशी करामत केलेली आहे की शाळेत असतो तर मी उभं राहून शाबासकी दिली असती. जी गोष्ट आपण निवडत नाही, तिची अक्षरं दर गावागणिक फिकट होत जातात. माझं ‘भाषण कर’ इतकं ठळक झालं होतं की पडद्यावर बाकी काही मावेना. ‘ऐकून घे’ वाचायला मला चष्मा पुसावा लागला. आठव्या गावात मी ते अंदाजानेच दाबलं, केवळ डीमाला गप्प करायला. अबू शिब्ली एका म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की डोंगरापलीकडे एक जुनी विहीर आहे. बस, एवढंच. पण नवव्या गावात ते शब्द थोडे गडद झाले. दहाव्या गावात अबू शिब्लीची जपमाळ खिशात गेली, ती मी घातली नव्हती, त्याची त्याने घातली. त्याची चाल बदलली, खांदे खाली आले, माणसं त्याला बघून दार लावून घेईनाशी झाली. माणूस बदलतो तो असा, बोटभर बोटभर, हे मी सदतीस वर्षांत एकाही वर्गाला शिकवू शकलो नाही, आणि ते मला शिकवायला माझ्याच भाच्याला टँकर आणावा लागला. फक्त ‘माफी माग’ फिकटच राहिलं. ते मी एकदाही दाबलं नव्हतं. माफी मागण्यासारखं आपल्या हातून काही झालेलंच नाही, असं माझं मत होतं.

अकरावं गाव अबू शिब्लीच्या बहिणीचं. हमदा तिचं नाव. गावाच्या वेशीवर एक गुराखी भेटतो आणि सांगतो की या गावाला टँकरची पाळी यायलाच नको होती. हमदाच्या मुलाने विहीर खणायला घेतली होती. पण तिचा भाऊ चारचौघांत त्याला हसला, ते हसू ऐकून माणसांनी फावडी खाली ठेवली, आणि पाणी दोन हातांवर असताना विहीर तशीच राहिली.

नऊ दुपारी मी म्हणत आलो होतो की हा अबू शिब्ली काय बढाईखोर माणूस आहे, आणि दर वेळी सासू-सुना एकमेकींकडे बघत होत्या. त्या वाक्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं, तर फातिन स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी होती आणि डीमाने वही मिटली होती. दाराशी माझा तपकिरी कोट खुंटीला होता. मी विचारलं, हे कोणी लिहिलंय? डीमा म्हणाली, ‘अम्मो, शेवट बघा आधी.’

शेवट असा. अबू शिब्ली रिकामा टँकर घेऊन बहिणीच्या घरी जातो. खजुरांचं पोतं नेता येतं. मी ते आधी नेलं, हमदाने ते दाराबाहेर ठेवलं आणि कडी लावली. मी पुन्हा दार ठोठावलं, रिकाम्या हाताने. तिने आत घेतलं. चटई दाखवली. कॉफी आणली, पेला माझ्यासमोर ठेवला, आणि समोर बसून मसूर निवडायला लागली. एक शब्द नाही. पडद्यावर दोनच गोष्टी स्पष्ट: एक ठळक ‘भाषण कर’, आणि खाली लुकलुकणारं ‘पेला उचलण्यासाठी बटण दाबा’. कोपऱ्यात काहीतरी पुसटसं होतं, ते काय आहे हे मला चष्म्यातूनही दिसेना, आणि तरीही कळलं.

डीमा म्हणाली, ‘दाबा अम्मो, कॉफी घेतली की संपतं. सगळे दाबतात.’ मी कंट्रोलर टेबलावर ठेवला. म्हटलं, मुली, बेचाळीस जाहा केल्या मी. मागणं मान्य झाल्याशिवाय पेला उचलणारा माणूस मी नाही. ‘अम्मो, हा खेळ आहे!’ म्हटलं, असेल, पण ते बहिणीचं घर आहे. आणि मी बसलो. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, प्लास्टरचा पाय उशीवरून खाली, कारण यजमानीणबाईंसमोर पाय पसरून बसणं बरं दिसत नाही. दहा मिनिटं गेली. कॉफीची वाफ विरळ झाली. डीमाला वाटलं डबा अडकला, ती उठून तारा हलवायला लागली, मी तिला तिथेच थांबवलं. फातिनने सेजची पानं घातलेला चहा आणला, मी घेतला नाही. समोर कॉफी तशीच ठेवून कोणी चहा घेतं का? वीस मिनिटं. भिंतीवरचं ऊन सरकलं. हमदा मसूर निवडतेच आहे. ताई, पंचवीस मिनिटं मी न बोलता कधी बसलो असेन तर झोपेत. बोलायला कोणी नाही, टाळ्या वाजवायला कोणी नाही, समोर एक बहीण आणि तिचा निवडून न संपणारा मसूर. मला अजलून आठवलं. यझनची खाली गेलेली मान आठवली. त्याला सायकल मीच शिकवली होती, आणि तो पडला की रडायच्या आधी माझ्याकडे बघायचा, मामा हसतो का ते बघायला. चाळिसाव्या मिनिटाला मी त्या टीव्हीला म्हणालो, चूक माझी होती. मोठ्याने म्हणालो, कारण फातिनने स्वयंपाकघरातला नळ बंद केलेला मला ऐकू आला.

आता टीव्हीला कान नसतात हे मला कळतं. खेळ त्याच्या ठरल्या वेळेलाच बोलणार होता. पण हमदाने त्याच क्षणी हातातलं सूप खाली ठेवलं, वर पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढा वेळ गप्प बसलेला मी तुला कधी पाहिला नव्हता. पी.’

डीमा किंचाळली. तिने पाच वेळा तो खेळ संपवला आहे, परदेशातले सगळे लेख वाचले आहेत, शेवट तीनच आहेत असं सगळे लिहितात. हा चौथा कोणाला माहीतच नाही, कारण लुकलुकणारं बटण समोर असताना चाळीस मिनिटं न दाबणारा माणूस जगात सापडलेला नाही. मग पडदा काळा झाला आणि त्यावर दोन ओळी आल्या: ‘मामा, कॉफी गार झाली असेल. आईला सांगतो, दुसरी ठेव.’

त्याने तो शेवट एका माणसासाठी बांधला, ताई. बरोबर ओळखलं होतं त्याने की मी कितीही वाईट वागलो तरी पेला उचलणार नाही. माझ्यातली एकुलती एक चांगली सवय शोधून काढली आणि तिच्यावर अख्खा शेवट उभा केला. मी त्याच्याबद्दल चार शब्द बोललो होतो. त्याने मला चौदा तासांचं उत्तर दिलं, आणि त्यात एकही शिवी नाही. अबू शिब्लीला त्याने खलनायक केला असता तर मी समजू शकलो असतो. त्याने त्याला वाट दिली. मी ‘खेळणी’ म्हणालो होतो. बल्का जिल्ह्यात उभं राहून सांगायला तयार आहे की माझ्या भाच्याच्या हातात जे आहे ते माझ्या सदतीस वर्षांच्या खडूत नव्हतं.

बाकी ठीक. तुझ्या गुडघ्यांना पुन्हा एकदा सलाम.

तुझा धाकटा भाऊ,
हिकमत

ता. क. तेलाचा डबा पाठवणार होतो, यंदाचं तेल हिरवंगार आलं आहे. डीमा म्हणाली, अम्मो, खजुरांचं काय झालं आठवा. डबा घरीच ठेवला.

ता. क. २. वर लिहिलं आहे की काही मागायचं नाही. ते पहिल्या पानापुरतं खरं होतं. ऐकलं की यझनसाठी मादबाला स्थळ ठरलं आहे आणि पुढच्या शुक्रवारी जाहा निघणार. पुढे कोण चालणार ते मी विचारत नाही. मला शेवटच्या रांगेत, दाराजवळ, यझन त्या दिवशी बसला होता तिथे जागा हवी आहे. तोंड उघडणार नाही. आधी तुझ्याकडे येईन, गुरुवारी चारला, एकट्याची जाहा घेऊन. पेला समोर ठेव. तू काही बोलली नाहीस तरी मी उठणार नाही, आता मला सवय झाली आहे.

(फातिनची पुस्ती, त्यांच्या नकळत.) रुवैदाताई, सगळं खरं आहे, फक्त ते रडले हे लिहायचं राहिलं. आणि प्लास्टर निघून दोन आठवडे झाले, खेळ पुन्हा पहिल्यापासून चालू आहे, आता ते त्या बाईच्या शेळ्यांना आधी पाणी पाजतात. गुरुवारपर्यंत त्यांच्याने काही धीर धरवणार नाही. डीमाने आम्हाला गाडीतून इर्बिदला आणलं आहे, हे पत्र तीच तुमच्या दारात देतेय. कॉफी दोनदा पुरेल एवढी ठेवा, पहिली गारच होणार आहे. खिडकीतून समोरच्या औषधांच्या दुकानाकडे बघा. बाकावर एक म्हातारा गप्प बसलेला दिसेल. ओळखू येणार नाहीत, पण तेच आहेत.